पाय-डॉग नेमका कोण? इंग्रजीतल्या कुत्र्यांच्या जुन्या नावांमागची गोष्ट

सध्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना 'स्ट्रे' म्हणायचं की 'कम्युनिटी डॉग' यावरून जी हमरीतुमरी चाललीय तिच्या मागे इंग्रजीचा बराच जुना गुंता आहे. मुळात इंग्रजांकडे कुत्र्याला सरसकट शब्द होता हुंड, म्हणजे आजचा हाउंड. डॉग हा शब्द अकराव्या शतकाच्या आसपास 'डोग्गा' अशा रूपात कुठेतरी एखाददुसऱ्या ठिकाणी दिसतो, तो कुठून आला ते आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही, आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याने हाउंडला पार शिकारीच्या कोपऱ्यात ढकललं.

जुनी नावं बहुतेक कामावरून पडलेली. लायमर म्हणजे दोरीला धरून वासावर माग काढणारा, टंबलर म्हणजे कोलांट्या मारत सशाला भुलवणारा. १५७० मध्ये एका राजवैद्याने लॅटिनमध्ये इंग्लिश कुत्र्यांची वर्गवारी लिहिली, १५७६ ला ती इंग्रजीत आली, त्यात चंद्रावर भुंकत रात्रभर राखण करणारा 'मूनर' सुद्धा आहे. सगळ्यात बिचारा टर्नस्पिट, आखूड पायांचा, लांबुळका, स्वयंपाकघराच्या भिंतीवर उंच बसवलेल्या लाकडी चाकात तो पळत राहायचा आणि खाली विस्तवावर मांसाचा गज फिरत राहायचा. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली, टर्नस्पिट संपला, पेंढा भरलेला एक वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हेनीच्या म्युझियममध्ये आहे. 'लॉइंग' नावाचा प्रकार तर अजूनच वाईट, राजाच्या जंगलाजवळच्या कुत्र्यांना हरणांमागे धावता येऊ नये म्हणून पुढच्या पायाची तीन नखं उडवायची, १२१७ च्या सनदेत तसं चक्क लिहिलंय आणि न उडवल्यास मालकाला तीन शिलिंग दंड.

काम गेलं की शब्द गेला, असा हा हिशेब. आपल्याकडून गेलेला शब्द मात्र कामावरून पडलेला नव्हता म्हणून तो टिकला असं मला वाटतं. परायाह डॉग. ऐकायला हिंदी 'पराया' वाटतं पण काही संबंध नाही, तो तमिळ परैयर या समाजाच्या नावावरून आला, परै म्हणजे ढोल आणि तो वाजवणारे ते परैयर अशी नेहमी दिली जाणारी व्युत्पत्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या लिखाणात, मग इंग्रजीत, आणि अठराव्या शतकाच्या शेवटाकडे साहेबांनी तो गल्लीतल्या बिनमालकाच्या कुत्र्याला लावून टाकला, म्हणजे एका अख्ख्या जातीचं नाव उचलून कुत्र्याला, आणि हे पुढे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतही बिनदिक्कत चालू राहिलं.

यातून निघालेला पाय-डॉग (pye-dog, म्हणजे तोच गल्लीतला बिनमालकाचा कुत्रा) हा खरा वादाचा मुद्दा. १८८६ च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशात पाय म्हणजे परायाहचं छाटलेलं रूप असं दिलंय. काही डिक्शनऱ्या मात्र हिंदी 'पाही' कडे बोट दाखवतात, पाही म्हणजे परगावचा, पाहीकाश्त म्हणजे दुसऱ्या गावात येऊन जमीन कसणारा, आपल्याकडच्या जुन्या दप्तरात ज्याला उपरी म्हणायचे साधारण तोच. अर्थ किती छान बसतो बघा, गावात राहतो पण गावचा नाही! पण अर्थ बसला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं नसतं. महसूल खात्यातला हा शब्द छावणीतल्या सोल्जरच्या तोंडी कुत्र्यासाठी कसा आला हे कुणी नीट दाखवलेलं नाही, उलट शब्द छाटून बोलायची त्यांची खोड जगजाहीर. त्यामुळे कोशाचंच म्हणणं जास्त पटतं, आणि मग जातीचा डागही पाय-डॉगला चिकटतोच, 'पाही'वाल्यांना तो पुसता येत नाही.

मुंबईत याच कुत्र्यांवरून जून १८३२ मध्ये दंगल झाली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पोलीस प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस घेत होते, पारशांच्या अंत्यविधीत सगदीदसाठी, म्हणजे प्रेत कुत्र्याला दाखवायच्या विधीसाठी, कुत्रं लागतं, ते बिथरले, बाकीचेही सामील झाले, दुकानं बंद. पुढे १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली.

नंतरचा प्रवास भराभर झाला. जातिवाचक नाव नको म्हणून गेल्या काही वर्षांत इंडॉग, देशी, इंडी असे शब्द आले, आणि आपला 'गावठी' अचानक इन्स्टावर मिरवायला लागला. कुत्र्यांच्या नसबंदीच्या २००१ च्या सरकारी नियमांत स्ट्रीट डॉग होते, २०२३ च्या नियमांत 'कम्युनिटी अ‍ॅनिमल' आले. स्ट्रे हा त्यातला सगळ्यात जुना, मध्ययुगीन कायद्यातल्या 'एस्ट्रे'चा भाऊ, म्हणजे मालक सापडत नाही असं भटकं जनावर, तिथे प्रश्न जनावराचा नसून मालकीचा. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाका म्हटलं, २२ ऑगस्टला ते बदललं, नसबंदी आणि लस देऊन जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. ७ नोव्हेंबरला पुन्हा शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका असा आदेश आला, म्हणजे नियमात कम्युनिटीचा असलेला कुत्रा स्टेशनाच्या आवारात पाय ठेवला की परत स्ट्रे.