जाड झालेले कॉलम मजबूत असतातच असं नाही

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं आणि 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत आरसीसी इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींना खाली मोकळं पार्किंग होतं.

वरच्या मजल्यांवर कॉलमांच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्या मजला ताठ धरतात. पार्किंगमध्ये भिंतीच नाहीत. शेतातल्या राखणीच्या माळ्यासारखी गत: वर ओझं, खाली नुसते खांब. जमीन आडवी हलली की सगळं झुकणं या खांबांच्या वाट्याला येतं. 2002 च्या आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाने अशा मजल्याचे कॉलम-बीम नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट आडव्या बलासाठी डिझाइन करायला सांगितलं. मुंबई-पुण्यातल्या हजारो स्टिल्ट (खाली खांबांवरचं मोकळं पार्किंग असलेल्या) इमारती त्याआधीच्या आहेत. (नंतरच्या सगळ्यांनी ते पाळलं असं धरून चालू नये.) नेहमीचं स्ट्रक्चरल ऑडिट गंज, भेगा, गळती बघतं, भूकंपाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनियरकडून वेगळा मागावा लागतो.

नेहमीचा उपाय म्हणजे कॉलमला काँक्रीटचं जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळया आणि नव्या काँक्रीटचा थर. आधी बीमखाली टेकू द्यायचे, गिलावा काढून आतलं घट्ट काँक्रीट लागेपर्यंत टाचे मारायचे. जुन्या इमारती भूकंपासाठी मजबूत करण्याच्या आयएस 15988 या मानकाप्रमाणे जॅकेट किमान 100 मिमी जाड आणि नव्या काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा किमान 5 मेगापास्कलने जास्त हवी. कॉलम दोन मजल्यांच्या मधे उभा असल्याने उभ्या सळयांना बांधणारी अखंड रिंग वरून घालता येत नाही, ती दोन तुकड्यांत बसते. म्हणूनच रिंगच्या टोकाचा आकडा (हुक) महत्त्वाचा: 135 अंशांत वाकवून काँक्रीटच्या आत वळलेला. 90 अंशांचा आकडा धक्क्यात सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट (कव्हर) उडालं की उलगडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. रिंगांमधलं अंतर बीम आणि पायाजवळ, कॉलमच्या मोकळ्या उंचीच्या पाव भागापर्यंत, 100 मिमीपेक्षा जास्त नको.

खरी चोरी होते ती टोकांना. जॅकेटच्या उभ्या सळया स्लॅबला भोक पाडून वरच्या मजल्यात जायला हव्यात आणि खाली फूटिंगमध्ये, म्हणजे कॉलमच्या पायात, रुजायला हव्यात. बीम आडवे येतात म्हणून त्या कोपऱ्यांकडे गोळा कराव्या लागतात. पण वर राहणाऱ्याच्या घरातली फरशी फोडायची कोणी? मग सळया स्लॅबखालीच थांबतात. असं जॅकेट उभं वजन थोडंफार पेलेल, पण कॉलम जिथे मोडतो त्या टोकाला त्याचा उपयोग नाही.

दुसरी चूक म्हणजे फक्त गंजलेल्या कॉलमांना जॅकेट. 230 बाय 450 मिमीचा कॉलम 430 बाय 650 होतो आणि जुनं-नवं एकजीव झालं तर कमकुवत दिशेने त्याचा ताठपणा सुमारे 9 पट वाढतो. एकाच बाजूचे चार कॉलम असे केले तर भूकंपाचं बल तिकडे ओढलं जातं आणि इमारत पिळवटते. कॉलम निवडताना मांडणी दोन्ही दिशांना समतोल हवी. दोन कॉलमांमधल्या काही गाळ्यांत आरसीसी भिंती किंवा पोलादी तिरपे ब्रेसिंग घालता येतं. दोन-चार गाड्यांची जागा जाते, पण ताठपणा भरपूर मिळतो. त्यांनाही पाया लागतोच.

सेंट्रिंगच्या फळ्या लागण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीने टेप घेऊन खाली उतरावं. रिंगांमधलं अंतर मोजावं, आकडे बघावेत आणि प्रत्येक कोपऱ्यातली सळई वर कुठे संपते ते फोटोत घ्यावं. काँक्रीट ओतल्यावर हे दिसत नाही.