सुकतीचं शेवाळ, उन्हातला निळा कागद

गोव्यातल्या हणजुणेच्या खडकांवर सुकतीला गेलं की लोक मावळतीचे फोटो काढत असतात आणि मी ओणवी होऊन खाचांमध्ये अडकलेलं शेवाळ बालदीत भरत असते. फोटोग्राफर म्हणवते, पण कॅमेरा त्या दिवशी घरीच असतो.

आदल्या रात्री जाड कागदाला दोन रसायनांचं मिश्रण फासून ठेवलेलं असतं: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. वाळलं की कागद पिवळट-हिरवा दिसतो. त्यावर शेवाळ पसरायचं, काच दाबायची आणि अंगणात न्यायचं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे सायट्रेटकडचा इलेक्ट्रॉन लोहाला मिळतो, लोहाच्या फेरिक रूपाचं फेरस रूप होतं, आणि फेरिसायनाइडशी जुळून त्याचं प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य बनतं. ते पाण्यात विरघळत नाही. शेवाळाखाली झाकलेला भाग मात्र धुताना वाहून जातो आणि तिथे पांढरा कागद उरतो. दोरीवर वाळणारे कागद बघून शेजारच्या काकींनी विचारलं होतं, "नीळ जास्त झाली काय गो?"

या रीतीला सायनोटाइप म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी ती १८४२ मध्ये शोधली. इतक्या बारीक वस्तूंची अचूक चित्रं हाताने काढणं अवघड, म्हणून ॲना ॲटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या शेवाळांचे असे ठसे काढून पुस्तकाचा पहिला भाग तयार केला. फोटो असलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते हेच, आणि त्यात कॅमेरा कुठेच नाही!

मला यात खरी गोडी लागली ती उल्व्हामुळे. खडकावरचं हे हिरवं, कोथिंबिरीच्या पानापेक्षाही नाजूक शेवाळ. त्याचं पातं फक्त दोन पेशींइतकं जाड असतं. त्यातून थोडे किरण आरपार जातात, म्हणून ठसा पांढराफटक न येता फिकट निळा येतो. जिथे पातं दुमडलंय तिथे चार पेशी, आणि तिथला ठसा जास्त पांढरा. एक्स-रे काढल्यासारखंच झालं की! पंख्यासारख्या पॅडिना या शेवाळाच्या अंगावर चुन्याचा पातळ थर असतो, त्यामुळे तो किरण चांगलेच अडवतो. सारगॅसम हे शेवाळ मात्र छळतं. त्याला तरंगण्यासाठी हवेचे बारीक फुगे असतात. ते पातं कागदापासून उचलून धरतात आणि कड धूसर होते. दोष एकट्या सूर्याचा नाही. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे कागदापासून एक सेंटिमीटर वर असलेल्या वस्तूची कड त्याने जेमतेम ०.१ मिलिमीटर पसरते. पण अतिनील किरणांचा मोठा वाटा हवेत विखरून सगळ्या आकाशातून येतो आणि सावलीच्या खाली शिरतो. ती धूसर कड मला आता आवडायला लागलीय. पाण्यात हलणाऱ्या शेवाळाची आठवण देते.

मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा सहा-सात मिनिटं पुरतात. डिसेंबरच्या सकाळी वीसही कमी पडतात. पावसाळ्यात मी हा नाद सोडूनच देते. ढगांतून किरण येतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत फासलेला कागद वापरायच्या आधीच हिरवा-काळा पडतो.

एकदा बारा ठसे एका बालदीत धुवायला टाकले. तळाशी कपड्यांच्या साबणाची पावडर राहिली होती. बघता बघता निळा रंग गेला आणि गंजासारखे पिवळे डाग उरले. अल्कलीपुढे प्रशियन ब्लू टिकत नाही. त्याचं लोहाचं हायड्रॉक्साइड होतं. ते ठसे परत आले नाहीत.

खिडकीजवळ टांगलेला उल्व्हाचा ठसा गेल्या उन्हाळ्यात असाच फिका पडला तेव्हा धडकीच भरली. पण उजेडाने उडालेला निळा अंधारात हवेतल्या प्राणवायूमुळे परत येतो. कपाटात साड्यांच्या मध्ये ठेवला. चतुर्थीला साडी काढताना हाताला लागला, तर पहिल्यासारखा गडद निळा.