गुठळी विरघळवण्याआधीचे प्रश्न

छातीत दुखून घामाने चिंब झालेला माणूस भामरागड किंवा धारणीसारख्या दुर्गम भागातल्या रुग्णालयात पोचला, की पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्याचं त्यात दिसलं आणि अँजिओप्लास्टीपर्यंत दोन तासांत पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध तिथेच सुरू करतात. नागपूर गाठेपर्यंत हृदयाचा स्नायू वाट बघत नाही, मरत जातो. स्ट्रेप्टोकायनेज या औषधाने हार्ट अटॅकचे मृत्यू कमी होतात, हे १९८६ साली इटलीत ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं. जितकं लवकर दिलं, तितका फायदा जास्त.

मग पोचल्या पोचल्या डॉक्टर प्रश्न कशाला विचारत बसतात? हे औषध आपल्याच रक्तातलं प्लाझ्मिन नावाचं द्रव्य जागं करतं आणि प्लाझ्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. ते धागे हृदयातल्या गुठळीचे की पोटातल्या अल्सरवर नुकत्याच धरलेल्या खपलीचे, हे त्याला कळत नाही. तणनाशकाचा फवारा उडाला की पऱ्हाटीही, म्हणजे कपाशीही करपते, तसंच.

म्हणून अलीकडे ऑपरेशन झालंय का, डोक्याला मार लागलाय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारतात. मेंदूत पूर्वी कधीही रक्तस्राव झाला असेल, तर हे औषध देत नाहीत. आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी आपणहून सांगावी: येताना वाटेत कुणाकडून ‘गॅसची’ किंवा दुखण्याची सुई कमरेत घेतली का? स्नायूत टोचलेल्या त्या जागी नंतर रक्त साचून मोठी गाठ येऊ शकते. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवलं जातं. रागावले तर रागावू द्या.

गुठळी विरघळवणारं औषध लकव्यातही देतात, पण ते प्रकरण जास्त नाजूक. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. पण कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून ओळखता येत नाही. रक्तस्राव असताना औषध दिलं तर जीवच जायचा. त्यामुळे सीटी स्कॅनशिवाय देत नाहीत, आणि सीटी नसलेल्या ठिकाणी वेळ घालवण्यात अर्थ नाही. मुदत साडेचार तासांची, तीही माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री दहाला नीट झोपलेला पहाटे पाचला हात उचलेना, तर मोजणी दहापासून होते. मेंदूची खास तपासणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांतच यात थोडी सवलत मिळू शकते.

मात्रेतही गफलत होते. लकव्यात अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात. ४५ किलोच्या शेतमजुराला साधारण ४० मिलिग्रॅम, ७० किलोच्या माणसाला ६३. अंदाजाने ‘साठ लिहा’ म्हटलं की हिशेब चुकला. वजन काट्यावरच करावं. टेनेक्टेप्लेज या अशाच दुसऱ्या औषधाची लकव्यातली मात्रा तर हार्ट अटॅकच्या मात्रेच्या जवळपास निम्मी असते. औषध एकच, त्यामुळे चूक सहज होते. दोघांनी वेगवेगळं मोजून ताडून पाहिलेलं बरं.

औषधानंतर लकव्याच्या रुग्णाचं बीपी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी बघतात आणि २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवतात. हिरड्यांतून थोडं रक्त आलं तर घाबरण्यासारखं नसतं. अचानक डोकं ठणकलं, उलटी झाली, गुंगी आली, तर मात्र सिस्टरना तत्काळ हाक मारायची. सलाईनमधून औषध चालू असेल तर ते थांबवून पुन्हा सीटी काढतात.

हार्ट अटॅकचा रुग्ण औषधानंतरही नागपूर किंवा अमरावतीला पाठवावा लागतो, कारण पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी व्हायची असते. सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ आहे ना, हे १०८ मध्ये बसण्याआधी पाहून घ्यावं. स्ट्रेप्टोकायनेज दिलं असेल तर ती चिठ्ठी घरीही जपून ठेवावी. शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून ते त्याच माणसाला पुन्हा देत नाहीत.