केमिकल ओळखणारे सच्छिद्र पदार्थ आणि रंग बदलणारे पॉलिमर

हवेत किंवा पाण्यात एखादं केमिकल आहे का आणि असेल तर साधारण किती, हे मोठं मशीन न लावता नुसत्या डोळ्यांना कळावं म्हणून जे पदार्थ मुद्दाम तयार केले जातात त्यांची ही नोंद. यात दोन प्रकार येतात. एक सच्छिद्र पदार्थ, ज्यांच्या आत रेणूच्या मापाची भोकं असतात आणि रेणू तिथे जाऊन अडकतात, आणि दुसरे असे पॉलिमर (लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्या) की ज्यांना ठरावीक केमिकल लागलं की त्यांचा रंग किंवा चमक बदलते. पहिल्याने पकडायचं, दुसऱ्याने सांगायचं. बरेचदा ही दोन्ही कामं एकाच पदार्थाकडून करून घेतात आणि या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर काम तिथेच झालंय असं मला वाटतं.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे डब्यांमधून येणारी सिलिका जेलची निळी खडी. सिलिका जेल सच्छिद्र असतं, ओलावा आत ओढून घेतं, आणि त्यात मिसळलेलं कोबाल्ट क्लोराइड कोरडं असताना निळं तर पाणी मिळाल्यावर गुलाबी दिसतं, कारण कोबाल्टभोवती पाण्याचे सहा रेणू येऊन बसतात आणि तो शोषत असलेला प्रकाशच बदलतो. गरम केलं की परत निळं. पण कोबाल्ट क्लोराइडमुळे कॅन्सरचा धोका असल्याने आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी दुसरे रंग वापरतात.

भोकांचं माप नॅनोमीटरमध्ये मोजतात. २ नॅनोमीटरपेक्षा लहान ते मायक्रोपोर, २ ते ५० मेसोपोर आणि त्याच्यावर मॅक्रोपोर. निसर्गात असे पदार्थ आधीपासून होतेच, १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी एक खनिज तापवलं तर त्यातून वाफ निघायला लागली आणि त्यांनी त्याला झिओलाइट नाव दिलं. पण झिओलाइटच्या भोकांवर आपला हात फारसा चालत नाही, जी रचना बनते ती बनते. ते चित्र बदललं मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणजे एमओएफमुळे. यात धातूचे आयन हे जोड आणि कार्बनी रेणू हे त्यांना जोडणारे दांडे, दोन्ही आपल्या मर्जीने निवडायचे. रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये तांब्याच्या आयनांपासून अशी मोकळी जाळी बनवली, सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये दाखवलं की अशा जाळीत गॅस आत जातो आणि बाहेरही येतो आणि तरी ती मोडत नाही, आणि ओमर याघी यांनी १९९९ मध्ये एमओएफ-५ आणलं ज्याच्या एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. या तिघांना २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता सेन्सिंगसाठी, म्हणजे केमिकल ओळखण्यासाठी, यातलं काय कामाचं? १९९९ मध्येच आलेलं तांब्याचं एक एमओएफ आहे, एचकेयूएसटी-१. पूर्ण सुकवलं की गडद जांभळट निळं, हवेतला ओलावा मिळाला की फिकट आकाशी. त्यात तांब्याच्या अणूची एक बाजू मोकळी राहते आणि तिथे पाण्याचा रेणू येऊन चिकटतो, तो रंग त्यामुळे बदलतो. तिथे अमोनियाही चिकटतो, पण ओलसर अमोनिया जास्त वेळ राहिला तर जाळीच खराब होते, म्हणजे सेन्सर एकदा बोलतो आणि संपतो. नवीन पदार्थ शोधणाऱ्यांचा निम्मा वेळ अशा गोष्टींशी झगडण्यात जातो.

पॉलिमरकडे आलो तर पॉलिडायअ‍ॅसिटिलीनवर थांबायलाच हवं. १९६९ मध्ये गेरहार्ड वेग्नर यांनी दाखवलं की डायअ‍ॅसिटिलीनचे रेणू ओळीने नीट रचलेले असतील तर नुसत्या प्रकाशाने ते एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळी बनते, ना उत्प्रेरक ना काही. सुरुवातीला रंगहीन असलेला पदार्थ २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरला की निळा होतो, साधारण ६४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, आणि मग साखळीला थोडा जरी पीळ बसला तरी शोषण ५४० च्या आसपास सरकतं आणि निळ्याचा लाल होतो. वर लाल रूप फ्लुरोसंट असतं, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकतं, निळं नसतं, म्हणजे एकाच बदलाच्या दोन खुणा मिळतात. साखळीच्या बाजूला लोंबणाऱ्या टोकांवर आपल्याला हवा तो पकडणारा गट बसवता येतो, आणि १९९३ मध्ये डेबोरा चॅरिक आणि सहकाऱ्यांनी तिथे सियालिक अ‍ॅसिड या पेशींवर असणाऱ्या साखरेचा गट बसवला, इन्फ्लुएन्झाचा व्हायरस त्याला धरतो, टोकं ओढली जातात, साखळी पिळते आणि निळी फिल्म लाल होते. कल्पना इतकी सरळ की वाचताना अंगावर काटा येतो. अडचण अशी की हा पदार्थ उष्णतेने लाल होतो, अल्कोहोलने होतो, साबणाने होतो, घासलं तरी होतो, आणि बहुतेक वेळा परत निळा होत नाही. त्यामुळे माल वाटेत जास्त तापला होता का हे दाखवणाऱ्या लेबलसाठी तो फार चांगला, पण एकच केमिकल वेगळं ओळखायचं तर टोकांवर खूप मेहनत घ्यावी लागते.

पॉलिअ‍ॅनिलिनचं तसं नाही. आम्लात हिरवं, अमोनियाने त्यातला प्रोटॉन ओढून घेतला की निळं, आणि अ‍ॅसिडची वाफ दिली की पुन्हा हिरवं. वीजही वाहून नेतं, त्यामुळे रंगाबरोबर रेझिस्टन्स मोजूनही खात्री करता येते. वीज वाहणाऱ्या पॉलिमरसाठी २००० सालचं नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना मिळालं होतं.

पकडणं आणि सांगणं एकत्र कसं येतं याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण टिमोथी स्वॅगर यांच्या एमआयटीमधल्या लॅबचं आहे. तिथे १९९८ मध्ये टीएनटी स्फोटक ओळखणारा चमकणारा पॉलिमर बनला. साखळीत पेंटिप्टिसीन नावाचे ताठ, फताडे गट बसवले, त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत, मध्ये पोकळी राहते आणि टीएनटीचे रेणू त्या पोकळीत शिरतात. टीएनटीला इलेक्ट्रॉनची भूक असते, प्रकाशाने उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन तो ओढून घेतो आणि चमक विझते. आणि गंमत म्हणजे उत्तेजना साखळीभर फिरत असते, त्यामुळे एकच रेणू कुठेही बसला तरी माळेतला एक दिवा गेल्यावर अख्खी माळ विझावी तसा मोठ्या भागाचा उजेड जातो. म्हणून अगदी थोड्या वाफेलाही उत्तर मिळतं. पुढे यावरूनच हातात धरायची स्फोटक शोधणारी उपकरणं आली.

रंग बदलायला डाय म्हणजे रंगद्रव्य लागतंच असंही नाही. १९९७ मध्ये सॅनफोर्ड अ‍ॅशर आणि जॉन होल्ट्झ यांनी हायड्रोजेलमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पॉलिमरमध्ये) सूक्ष्म गोळ्या एकसारख्या अंतरावर अडकवल्या आणि जेलला शिसं पकडणारा क्राउन ईथर नावाचा कड्यासारखा रेणू जोडला. शिसं आलं की जेल फुगतं, गोळ्यांमधलं अंतर वाढतं आणि परावर्तित रंग लालीकडे सरकतो. २००४ मध्ये बड आणि मॅकिऑन यांनी मँचेस्टरला आणलेला पीआयएम-१ हा पॉलिमरही इथे उपयोगी, त्याची साखळी इतकी वाकडी आणि ताठ की ती घट्ट रचलीच जात नाही, पोकळ्या आपोआप राहतात. अशा सच्छिद्र पॉलिमरच्या पातळ थरात वाफ भरली की त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) वाढतो आणि थराचा रंग सरकतो. मास्कचं कार्ट्रिज भरत आलं हे दाखवायला या प्रकारच्या फिल्म वापरता येतात.

खरी कसोटी रंग बदलण्यात नाही, तो एकाच गोष्टीसाठी बदलण्यात आहे. हवेत २५ अंश सेल्सिअसला ५० टक्के आर्द्रता असेल तर दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे १५,००० च्या वर असतात, आणि अमोनियाची आठ तासांच्या कामासाठी सुचवली जाणारी मर्यादा आहे २५. म्हणजे सहाशे पटीने जास्त पाणी समोर असताना सेन्सरने अमोनिया ओळखायचा! एमओएफ-५ तर दमट हवेतच मोडतं. म्हणूनच ऑस्लो विद्यापीठातून २००८ मध्ये आलेलं झिर्कोनियमचं यूआयओ-६६ इतकं गाजलं, ते पाण्यात टिकतं. कोरड्या नायट्रोजनमध्ये केलेली टेस्ट दाखवून सेन्सर चांगला आहे म्हणणारे पेपर म्हणूनच जपून वाचावेत.

दुसरा रस्ता केनेथ सस्लिक यांनी २००० मध्ये दाखवला. एकच अचूक पदार्थ शोधत बसण्याऐवजी बरेच वेगवेगळे डाय, त्यात मेटॅलोपॉर्फिरिन (मध्यभागी धातू असलेले रंगीत रेणू) मुख्य, ठिपक्यांनी मांडायचे आणि प्रत्येक वाफेला सगळ्या ठिपक्यांचा मिळून जो नमुना येतो तो ओळखायचा. एकटा ठिपका फसतो पण सगळे मिळून सहसा फसत नाहीत. नंतर हे डाय सच्छिद्र सिलिकासारख्या थरात अडकवायला लागले, त्याने संवेदनशीलता वाढते आणि डाय धुऊनही जात नाही.

नवीन पदार्थ बनवण्याचं रोजचं काम मात्र संथ असतं. धातू आणि दांडे निवडायचे, सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) बंद बाटलीत कधी कधी दिवसभर किंवा जास्त ओव्हनमध्ये ठेवायचे, क्ष-किरणांनी रचना तपासायची, मग भोकांत अडकलेलं सॉल्व्हंट काढायचं. ही पायरी फार नाजूक, कारण घाईत सुकवलं की पृष्ठताणाने जाळी कोसळते, म्हणून सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड वापरतात, म्हणजे इतका तापवलेला आणि दाबलेला की द्रव आणि वायू असा फरकच उरत नाही आणि पृष्ठताणही नसतो. मग ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअसला) नायट्रोजन शोषून पृष्ठभाग मोजायचा आणि त्यानंतरच गॅस सोडून रंग बघायचा, तोही पुन्हा पुन्हा, ओलाव्यासकट आणि घोटाळा करू शकणाऱ्या बाकीच्या वाफांसकट. फोनच्या कॅमेऱ्याने रंग वाचायचा असेल तर शेजारी कधीच न बदलणारा संदर्भ रंग छापावा लागतो, नाहीतर ट्यूबलाइट आणि ऊन यातला फरकच सेन्सरचं उत्तर म्हणून मोजला जातो.