सामन्याआधी छापलेला कागद

२५ मार्च १८८२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर ओल्ड इटोनियन्सने ब्लॅकबर्न रोव्हर्सला १-० असं हरवून एफए कप ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. त्या सामन्याच्या एकपानी प्रोग्रॅमला, म्हणजे प्रेक्षकांसाठी छापलेल्या माहितीच्या कागदाला, २०१३ साली सदबीजच्या लिलावात ३५,२५० पौंड मिळाले. आज इंग्लंडमध्ये जुने मॅच प्रोग्रॅम जमवणाऱ्यांच्या छंदाची मुळं अशाच कागदांत आहेत, आणि ते कागद कोणी जपून ठेवावेत म्हणून छापलेच नव्हते.

ते छापले गरजेपोटी. तेव्हा खेळाडूंच्या पाठीवर नंबर नसत. इंग्लिश लीगने ते सक्तीचे केले १९३९ साली. तोवर कोण कुठला हे कळायला हाच कागद. त्यावर नावांची नुसती यादी नसे, मैदानाचा नकाशाच असे: एक गोलकीपर, त्याच्यापुढे दोन बॅक, मग तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड. उजव्या कडेने पळणारा कोण, हे नकाशातली जागा बघून ओळखायचं.

दुसरी एक गंमत हाफटाइमची. इतर गावांत चाललेल्या सामन्यांचे स्कोअर मैदानातल्या फळ्यावर लावत, पण संघांची नावं न लिहिता, नुसत्या ए, बी, सी अशा अक्षरांपुढे. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, ते प्रोग्रॅममध्ये छापलेलं. प्रोग्रॅम न घेता पैसे वाचवलेल्या माणसाला ‘सी’चा स्कोअर दिसायचा, पण ‘सी’ म्हणजे कोण हे शेजाऱ्याला विचारावं लागायचं. खपाची युक्ती म्हणून मला ही फार आवडते.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि प्रोग्रॅम एखाद्या पानावर आले. पुढे मैदानं पुन्हा भरू लागली, तशी पानंही वाढली. मग काही क्लबांनी टोकनची पद्धत काढली. प्रत्येक घरच्या सामन्याच्या प्रोग्रॅमवर एक छोटं टोकन छापायचं. प्रेक्षकाने ते कापून तक्त्यावर चिकटवायचं. तक्ता भरलेला असेल तर मोठ्या सामन्याच्या तिकिटासाठी त्याचा नंबर आधी. म्हणून त्या काळातल्या कितीतरी प्रतींना कोपऱ्यात चौकोनी खिडकी दिसते. विक्रेते अशी प्रत ‘टोकन नाही’ असं सांगून स्वस्तात देतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने खुशाल घ्यावी. तिचा मालक दर शनिवारी कात्री घेऊन बसत होता, एवढं तरी तिच्यावरून कळतं.

पण प्रोग्रॅम सामन्याच्या आधी छापला जातो याचा खरा अर्थ १९५८ साली दिसला. ६ फेब्रुवारीला म्युनिकमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं. ८ तारखेला ओल्ड ट्रॅफर्डवर वुल्व्ह्जविरुद्ध सामना होता. तो पुढे ढकलला गेला आणि त्याचे प्रोग्रॅम जवळजवळ सगळे नष्ट करण्यात आले. वाचलेल्या मोजक्या प्रती आज छंदवाल्यांचं स्वप्न आहेत.

युनायटेड पुन्हा मैदानात उतरलं ते १९ फेब्रुवारीला, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपच्या सामन्यात. संघात कोण असेल हे छपाईच्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हतं. स्टॅन क्राउदरला तर सामना सुरू होण्याच्या तासभर आधी करारबद्ध केलं गेलं. त्यामुळे प्रोग्रॅमच्या मधल्या पानावर शेफील्डची अकरा नावं आहेत आणि युनायटेडच्या नेहमीच्या नकाशात अकरा रिकाम्या जागा. लाउडस्पीकरवर नावं पुकारली गेली, तशी काहींनी ती हाताने भरली. युनायटेड ३-० असं जिंकलं. हा प्रोग्रॅम दुर्मिळ म्हणता येणार नाही, त्या दिवशी मैदानात जवळपास साठ हजार माणसं होती. तरी कोरी प्रत घ्यावी की पेनाने भरलेली, यावर छंदवाल्यांचं एकमत होणं कठीण. माझं मत भरलेलीला.

नवख्याने सावध राहायचं ते १९६६च्या वर्ल्ड कप फायनलच्या प्रोग्रॅमपासून. त्याच्या नकला पुढे इतक्या छापल्या गेल्या, की स्वस्तात मिळालेली प्रत अस्सल निघणं अवघडच. त्यापेक्षा सत्तरच्या दशकापासूनचे साधे लीग सामन्यांचे अंक बरे. ते ढिगाने छापले, ढिगाने जपले गेले, म्हणून किरकोळ किमतीला मिळतात. घेताना स्टेपलच्या पिना गंजल्यात का, तेवढं पाहावं.

जून २०१८मध्ये प्रीमियर लीगखालच्या तीन डिव्हिजनच्या क्लबांनी मतदान करून प्रोग्रॅम छापण्याची सक्ती काढून टाकली. नावं, नंबर, स्कोअर सगळं आता प्रेक्षकाच्या फोनवर असतं, इतर सामन्यांचंही, अगदी ‘सी’चंसुद्धा.