स्वतः जोडायचा छोटा यूएसबी डॅक

डॅक म्हणजे आकड्यांच्या डिजिटल मालिकेतून स्पीकरला किंवा हेडफोनला चालेल असा अॅनालॉग संदेश घडवणारे यंत्र. फोन, टीव्ही, संगणक, प्रत्येकात एक तरी डॅक असतो. तोच संगणकाच्या पेटीबाहेर, एका चिपभोवती पंचवीसेक सुटे भाग लावून, काडेपेटीत मावेल एवढ्या बोर्डावर हाताने जोडता येतो. या नोंदीत पीसीएम२७०४ या चिपवर आधारलेल्या डॅकची बांधणी दिली आहे. यूएसबीतून वीज घेणारी, वेगळा ड्रायव्हर न मागणारी आणि हाताने सोल्डर करता येण्याजोगी अशी ही चिप आहे. अशा डॅकचा आवाज बिघडतो तेव्हा चिपचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा वीजपुरवठा, ग्राउंड किंवा चुकीच्या जागी बसवलेला कपॅसिटर त्याला कारण असतो. म्हणून खाली चिपपेक्षा तिच्या आजूबाजूच्या दोन-तीन मिलिमीटरांवर अधिक भर आहे.

पार्श्वभूमी

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे माप रूढ केले. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या बसतात आणि त्यातून जास्तीत जास्त सुमारे ९८ डेसिबलचा पल्ला मिळतो. त्याच दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचा कोव्हॉक्स हा डॅक आला. त्यात रेझिस्टरच्या शिडीखेरीज फारसे काही नव्हते, त्यामुळे १० आणि २० किलोओहमचे रेझिस्टर घेऊन अनेक हौशी लोकांनी त्याच्या नकला घरी केल्या. ८ बिटांपर्यंत ही शिडी चालून जाते. १६ बिटांना मात्र सर्वांत वरच्या पायरीच्या रेझिस्टरमधली चूक ०.००१५ टक्क्यांच्या घरात ठेवावी लागते, आणि दुकानात मिळतात ते १ टक्का अचूकतेचे रेझिस्टर. आजच्या बहुतेक चिपा म्हणून डेल्टा-सिग्मा पद्धतीने चालतात: मोजक्याच पायऱ्या, पण फार वेगाने बदलणाऱ्या, आणि शेवटी फिल्टर. अचूकतेची जबाबदारी अशा प्रकारे रेझिस्टरवरून काळाच्या मोजणीवर येते. त्यामुळे घड्याळाला, म्हणजे क्रिस्टलला आणि त्याच्या वीजपुरवठ्याला, एवढे महत्त्व आहे.

चिप

पीसीएम२७०४ ही मूळ बर-ब्राउन घराण्यातली चिप. ही कंपनी २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. पुढे आलेली २७०४सी तिच्याच जागी पायाला पाय जुळवून बसते. चिपला २८ पाय असून दोन पायांतले अंतर ०.६५ मिलिमीटर आहे. ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचे १६ बिटी संगीत ती वाजवते. यूएसबी ऑडिओच्या पहिल्या प्रमाणानुसार चालत असल्याने विंडोज, मॅक, लिनक्स आणि ओटीजी (फोनला यूएसबी यंत्र जोडण्याची सोय) असलेले बरेच अँड्रॉइड फोन तिला जोडताक्षणी ओळखतात.

संगणक दर मिलिसेकंदाला एक पुडके पाठवतो. ४४.१ किलोहर्ट्झला नऊ पुडक्यांत ४४ नमुने आणि दहाव्यात ४५, असा हिशेब बसतो. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ४४.१ किलोहर्ट्झच्या पूर्ण पटीत नाही. त्यामुळे चिप आतल्या पीएलएलच्या (बाहेरच्या लयीशी घड्याळ जुळवणाऱ्या मंडलाच्या) साहाय्याने पुडक्यांच्या लयीला धरून स्वतःचे घड्याळ तयार करते. या घड्याळात १ नॅनोसेकंदाची थरथर असली तर १० किलोहर्ट्झच्या पूर्ण आवाजाच्या सुरात गोंगाटाचा तळ केवळ ८४ डेसिबल खाली राहतो, म्हणजे १६ बिटांतले दोनेक बिट वाया गेले.

मंडल

यूएसबीच्या डी-प्लस आणि डी-मायनस या दोन्ही तारांत प्रत्येकी २२ ओहमचा रेझिस्टर येतो. डी-प्लसवरून चिपच्या ३.३ व्होल्टच्या पायाकडे १.५ किलोओहमचा रेझिस्टर जातो. ‘मी पूर्ण वेगाचे यंत्र आहे’ हे संगणकाला कळते ते याच रेझिस्टरमुळे. क्रिस्टलला समांतर १ मेगाओहम, आणि त्याच्या दोन्ही टोकांवरून ग्राउंडला १० ते ३३ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर. क्रिस्टलच्या कागदावर १८ पिकोफॅरड लोड लिहिले असेल तर २७ पिकोफॅरडची जोडी बहुधा बरोबर बसते, कारण दोन कपॅसिटर एकसरीत मोजले जातात आणि बोर्डाचे स्वतःचे चार-पाच पिकोफॅरड त्यात मिळतात.

चिपच्या आतच ३.३ व्होल्टचे रेग्युलेटर आहेत. डिजिटल भाग, पीएलएल, डावा आणि उजवा चॅनल यांचे वीजपाय वेगवेगळे असून त्या प्रत्येकावर १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा. यूएसबीच्या ५ व्होल्टच्या पायावरही तसाच. व्हीकॉम (आउटपुटचा मधला स्थिर दाब ठरवणारा) या पायावर १० मायक्रोफॅरड. यूएसबीतून वीज घ्यायची असेल तर पीसेल (वीज कुठून घ्यायची ते ठरवणारा) पाय वर, म्हणजे ३.३ व्होल्टला बांधतात. अशा वेळी होस्ट पाय खाली ठेवला की चिप संगणकाकडे १०० मिलिअँपिअर मागते आणि वर ठेवला की ५००. लाइन आउटला (अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या आउटपुटला) १०० पुरून उरतात. आवाज कमी-जास्त आणि म्यूट करण्याचे तीन पाय वर ओढले की काम करतात. बटणे नको असतील तर ते मोकळे सोडले तरी चालतात.

दोन्ही चॅनलच्या आउटपुट पायांवर कायम सुमारे १.६५ व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो अॅम्प्लिफायरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये कपॅसिटर लागतो. अॅम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहमचा असेल तर १० मायक्रोफॅरडने १.६ हर्ट्झपर्यंतचा खर्ज सुटतो, म्हणजे भरपूर झाले. तोच कपॅसिटर ३२ ओहमच्या हेडफोनला लावला तर ५०० हर्ट्झखालचा आवाज गळू लागतो आणि तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही. हेडफोनसाठी किमान १०० मायक्रोफॅरड घ्यावा, आणि तरीही उतार ५० हर्ट्झला सुरू होतो. २२० किंवा ४७० अधिक बरा. इलेक्ट्रोलिटिक असेल तर धन टोक चिपकडे. लाइन आउटमध्ये कपॅसिटरनंतर ४७० ओहम आणि ग्राउंडला २.२ नॅनोफॅरड लावल्यास १५० किलोहर्ट्झवरचा डेल्टा-सिग्माचा कचरा अडतो. जॅकच्या बाजूने ग्राउंडला ४७ किलोओहमचा रेझिस्टर टाकायला विसरू नये. तो नसला तर जॅक खोचताना दर वेळी ठक्कन आवाज येतो.

आउटपुट जास्तीत जास्त सुमारे १.८ व्होल्ट शिखर ते शिखर, म्हणजे ०.६५ व्होल्ट आरएमएस (परिणामी मूल्य) इतका मिळतो. सीडी प्लेअरच्या २ व्होल्टपेक्षा हा दहाएक डेसिबल कमी आहे. तुलनेत डॅक मवाळ वाजतो याचे खरे कारण एवढेच, त्यात दोष शोधू नये.

बोर्ड

१.८ व्होल्ट ६५,५३६ पायऱ्यांत वाटले की एका पायरीच्या वाट्याला सुमारे २८ मायक्रोव्होल्ट येतात. संगणकाच्या यूएसबीवरच्या ५ व्होल्टमध्ये मात्र दहा-वीस मिलिव्होल्टचा गोंगाट सहज असतो. शेकडो पटींचा हा फरक रेग्युलेटर आणि कपॅसिटर मिळून आवरतात, आणि कपॅसिटर लांब असेल तर तो आवरला जात नाही. तारेच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. १० सेंटिमीटर तारेचे १०० नॅनोहेन्री झाले, आणि १२ मेगाहर्ट्झला तेच साडेसात ओहमच्या रेझिस्टरसारखे वागतात. साडेसात ओहमपलीकडचा कपॅसिटर कितीही महागडा असला तरी तिथे उपयोगाचा नाही. म्हणून प्रत्येक कपॅसिटर त्याच्या पायापासून २-३ मिलिमीटरांत बसवावा आणि त्याच्या ग्राउंड टोकाशेजारीच खालच्या थरात जाणारे भोक पाडावे.

४० बाय २० मिलिमीटरचा दोन थरांचा बोर्ड पुरतो. खालचा थर पूर्ण ग्राउंड ठेवावा. डिजिटल आणि अॅनालॉग असे ग्राउंडचे दोन तुकडे करण्याची सूचना जुन्या लेखांत आढळते, पण एवढ्या छोट्या बोर्डावर त्याने नुकसानच होते: फटीवरून जाणाऱ्या रेषेचा परतीचा प्रवाह लांबचा वळसा घेतो आणि वाटेत गोंगाट उचलतो. तुकडे करण्याऐवजी भागांची जागा वाटून घ्यावी. एका टोकाला यूएसबी, त्याला लागून क्रिस्टल, दुसऱ्या टोकाला जॅक. डी-प्लस आणि डी-मायनस एकमेकांना चिकटून, सारख्या लांबीच्या ठेवाव्यात.

टोनर आणि इस्त्रीने छापून फेरिक क्लोराइडमध्ये घरी बोर्ड कोरता येतो, पण ०.६५ मिलिमीटरच्या पायांत टोनर पसरून पॅड जोडले जातात. कोरल्यावर भिंगातून प्रत्येक फट पाहावी आणि धारदार कटरने साफ करावी. तयार अडॅप्टर बोर्ड वापरणाऱ्यांनी कपॅसिटर ब्रेडबोर्डवर न लावता अडॅप्टरवरच, शेजारच्या पायांवर उभे सोल्डर करावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, जॅक, क्रिस्टल हे सगळे सुटे मिळते. चिप मात्र अधिकृत वितरकाकडूनच मागवलेली बरी; जुन्या बोर्डावरून काढून पाय सरळ केलेल्या चिपा नव्या म्हणून विकल्या जातात.

सोल्डरिंग

आधी चिप, मग बाकीचे. पॅडवर फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारे द्रव्य) लावून चिप ठेवावी, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय टाचून भिंगातून सरळपणा तपासावा. वाकडी बसली असेल तर ती इथेच सोडवावी, अठ्ठावीस पाय लागल्यावर फार उशीर झालेला असतो. मग भरपूर फ्लक्स लावून ३२० ते ३५० अंशांवर, २ मिलिमीटरच्या चपट्या टोकावर थोडेसे सोल्डर घेऊन सगळ्या पायांवरून एका दमात ओढत न्यावे. सोल्डर आपोआप पायापायाला धरते. शेवटच्या दोन पायांत पूल राहिलाच तर तांब्याच्या विकने (सोल्डर शोषणाऱ्या वेणीने) उचलावा. ०.५ मिलिमीटरची ६३/३७ (कथील-शिशाची) सोल्डर तार यासाठी सर्वांत सोयीची. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने क्रिस्टलभोवतीचा फ्लक्स धुऊन काढावा. चिकट फ्लक्समुळे कधी कधी क्रिस्टल सुरूच होत नाही.

पहिली तपासणी

केबल लावण्याआधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांतला रोध मोजावा. काही ओहमच दिसले तर कुठेतरी पूल आहे. पहिली जोडणी थेट लॅपटॉपला न करता वेगळ्या वीजपुरवठ्याच्या हबला करावी. मग क्रमाने: यूएसबी ५ व्होल्ट, डिजिटल पाय ३.३, व्हीकॉम १.६५, कपॅसिटरपलीकडे शून्य. आवाज पूर्ण ठेवून १०० हर्ट्झचा पूर्ण उंचीचा सूर वाजवला की जॅकवर एसी रेंजमध्ये ०.६५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. १ किलोहर्ट्झचा सूर घेऊ नये, स्वस्त मीटर तिथे चुकीचे वाचन देतात.

बिघाड

संगणकाने यंत्र ओळखलेच नाही तर आधी डी-प्लस आणि डी-मायनस तपासाव्यात. त्या उलट लागल्या की १.५ किलोओहमचा रेझिस्टर डी-मायनसवर येतो, संगणक यंत्राला कमी वेगाचे समजतो आणि बोलणे तिथेच तुटते. तारा बरोबर असतील तर संशय क्रिस्टलवर. ऑसिलोस्कोपचा प्रोब लावल्यावरच डॅक चालू होतो किंवा बंद पडतो असे दिसले, तर लोड कपॅसिटर चुकले आहेत, कारण प्रोब स्वतःच दहाएक पिकोफॅरडची भर घालतो.

यंत्र ओळखले जाते, पण मध्येच पोर्ट बंद पडतो: असे झाले तर कोणीतरी ५ व्होल्टवर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठोकलेला असतो. जोडणीच्या क्षणी यंत्राने १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त भार दाखवू नये, असा यूएसबीचा नियम आहे. मोठा कपॅसिटर भरताना एकदम प्रवाह ओढतो आणि संगणक आपला पोर्ट वाचवतो. गोंगाट कमी करायचाच असेल तर ५ व्होल्टच्या वाटेत १०० मेगाहर्ट्झला ६०० ओहमचा फेराइट बीड (वेगवान गोंगाट अडवणारा भाग) लावावा आणि बीडच्या दोन्ही बाजूंचे मिळून माप १० मायक्रोफॅरडच्या आत ठेवावे.

एकच चॅनल वाजत असेल तर बहुधा ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेला दिसणारा पण नीट न धरलेला जोड. लाकडी काडीने पाय हळूच दाबून पाहावा.

गुणगुण आणि शिट्टी या दोन तक्रारी एकसारख्या वाटल्या तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. ५० हर्ट्झची जाडसर गुणगुण ग्राउंडच्या फेऱ्यातून येते: संगणक आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही अर्थिंग आहे आणि डॅकची तार त्यांना तिसऱ्या वाटेने जोडते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली तर निदान पक्के. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत, किंवा मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा; अर्थिंगची पिन तोडणे धोक्याचे आहे, ते कधीही करू नये. १ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी मात्र यूएसबीच्या मिलिसेकंदाच्या ठोक्यातून येते, आणि ती ऐकू आली की पीएलएल किंवा चॅनलच्या वीजपायाचा कपॅसिटर लांब आहे, सुटलेला आहे किंवा त्याचे ग्राउंड कच्चे आहे असे समजावे. माउस हलवताना होणारी चिरचिर याच जातीची.

आवाज संगणकातून कमी ठेवला तर दर ६ डेसिबलला एक बिट हातचा जातो. सॉफ्टवेअरचा आवाज पूर्ण ठेवून अॅम्प्लिफायरवरच तो कमी-जास्त करावा.

दुसरा मार्ग

रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक असेल तर यूएसबी टाळून पीसीएम५१०२ए ही चिप आय-टू-एसवर (चिपांमधल्या डिजिटल आवाजाच्या तारांवर) थेट जोडता येते. बिट क्लॉक रास्पबेरी पायच्या जीपीआयओ (जोडणीची पिन) १८ला, शब्द क्लॉक १९ला, डेटा २१ला. तारा १० सेंटिमीटरच्या आत. चिपचा एससीके (मुख्य घड्याळाचा) पाय ग्राउंडला बांधला की ती बिट क्लॉकवरून स्वतःचे घड्याळ करते. तो मोकळा राहिला तर खरखर येते किंवा काहीच येत नाही. एक्सएसएमटी (म्यूटचा) पाय खाली असला तर पूर्ण शांतता, तो ३.३ व्होल्टला हवा. तयार जांभळ्या बोर्डांवर हे जोड मागच्या बाजूला सोल्डरने पूर्ण करावे लागतात, आणि ‘बोर्ड मेला’ म्हणून परत गेलेले अनेक बोर्ड केवळ तेवढ्यासाठी गेलेले असतात. ही चिप आतल्या चार्ज पंपाने ऋण व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तिचे २.१ व्होल्टचे आउटपुट शून्याभोवती फिरते आणि आउटपुटला कपॅसिटर लागत नाही. तिचा पल्ला ११२ डेसिबल आहे, पण स्विचिंगच्या स्वस्त अॅडॅप्टरवर चालणाऱ्या रास्पबेरी पायच्या ५ व्होल्टवर तो पल्ला पदरात पडत नाही. तिथे कमी गोंगाटाचा ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर चिपजवळच बसवावा लागतो.