पेवातून रॅकवर

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमालगतच्या त्या मातीत, हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. तोंड लिंपून घेतलं की आतला प्राणवायू हळूहळू संपायचा, कीड मरायची आणि हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. माणूस गुदमरेल अशा हवेत आगही गुदमरते, त्यामुळे पेवाला आगीचं भय नव्हतं. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि आधीच मागे पडत चाललेली ही पद्धत जवळजवळ संपली.

आज सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा गोदामांत, कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. जमिनीखालचा माल वीस-बावीस फूट उंच रॅकवर चढला. जागा वाचली हे खरं, पण उंचीचे दोन हिशेब असतात, एक वजनाचा आणि एक आगीचा. दोन्ही फोर्कलिफ्टच्या, म्हणजे माल उचलून रॅकवर चढवणाऱ्या गाडीच्या, रस्त्यावर येऊन भेटतात.

वजनाचा हिशेब मार्केट यार्डातल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. पुढची चाकं हा त्याचा मधला काटा, एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला मागे ओतून बसवलेलं बीडाचं वजन. पाटीवर ‘3000 किलो, 500 मिमी’ असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा कुणी वाचतच नाही, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या दोन लोखंडी दांड्यांच्या, उभ्या बाजूपासून 500 मिलिमीटरवर असेल तरच 3000 किलो उचलायचे, असा त्याचा अर्थ. दीड मीटर लांबीचं खोकं घेतलं तर तो मध्य 750 वर जातो. पुढच्या आसापासून फोर्कपर्यंतचं अंतर 450 धरा, म्हणजे मालाचा मध्य आसापासून आधी 950 वर होता, आता 1200 वर गेला. आधी 3000 गुणिले 950 एवढा भार तोलला जात होता, आता तेवढाच भार 1200 मिलिमीटरवर तोलायचा आहे. भागाकार करून बघा, 2375 किलो येतात. पाटी तीच, गाडी तीच, पण सव्वासहाशे किलो हवेत विरले.

दुसरी गंमत बाजूला कलंडण्याची. गाडीला चाकं चार असली तरी मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो. म्हणजे गाडी खरी टेकते तीन ठिकाणी, पुढची दोन चाकं आणि ती खिळी. चुलीच्या तीन दगडांसारखं. गाडीचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर सगळं ठीक. माल खाली ठेवून चाललात तर तो मध्य पुढे, रुंद बाजूकडे सरकतो. रिकाम्या गाडीत तो मागे, चिंचोळ्या टोकाकडे असतो.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका जुन्या ऑपरेटरनं हेच मला गणिताशिवाय सांगितलं होतं: “भरलेली गाडी सांगून जाती ओ. रिकामीच दगा देती, कारण तिला आपण पळवतो.” वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट. त्यात मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब, वर उचललेला असेल तर विचारू नका.

गाडी कलंडताना हात-पाय उडी मारायला निघतात, आणि डोक्यावरचा लोखंडी सांगाडा नेमका उडी मारणाऱ्यावरच येतो. पट्टा बांधून बसायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडतीच्या उलट बाजूला झुकायचं. हे मनाविरुद्ध आहे, म्हणून आधी करून बघितलेलं असावं लागतं.

आता आग. रॅकच्या दोन ओळींमधली फट म्हणजे उभं धुराडं. खाली पेटलेल्या खोक्याची गरम हवा त्यातून वर धावते, वरची खोकी आधीच तापवते आणि ज्वाळा येईपर्यंत ती पेटायला तयार असतात. बेदाण्याचं पुठ्ठ्याचं खोकं तर पातळ कागद आणि मधे हवा, म्हणजे सरपणाची घडीच. कोल्ड स्टोरेजच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या, असतील तर आग दोन पत्र्यांच्या आत पळते, बाहेरून मारलेलं पाणी तिथे पोचत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो तो असा. अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये उंचावलेला मास्ट पाइपला लागला तर आणखी एक संकट. अमोनिया निदान नाकाला झोंबून वर्दी तरी देतो.

हायड्रोजन तेवढीही वर्दी देत नाही. बॅटरीवरची फोर्कलिफ्ट धूर सोडत नाही म्हणून कोल्ड स्टोरेजला सोयीची, पण तिची लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याचं विघटन करते. 48 व्होल्टच्या बॅटरीत 24 सेल. त्या टप्प्यात 20 अँपिअर जात असतील तर तासाला सुमारे 200 लिटर हायड्रोजन निघू शकतो. त्याला ना रंग, ना वास. हवेत 4 टक्के झाला की तो पेटू शकतो, आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक की स्वेटर काढताना चटका बसतो ती त्याच्या कितीतरी पट मोठी.

ओळखीतल्या एका गोदामातली चार्जिंगची खोली मी पाहिली आहे. तीन मीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. छताजवळच्या झरोक्यात गोणपाट कोंबलेलं, का तर पारवे आत येऊन घाण करतात. हायड्रोजन खोलीभर सारखा पसरला तर 4 टक्के व्हायला पाच तास लागतील, असं मालकाचं गणित, आणि ते चुकीचं नव्हतं. पण हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. दार-झरोका बंद असेल तर तो आधी वर जाऊन साचू शकतो. छताखालचा फक्त एक फुटाचा थर धरला तर तेवढ्याला अर्धा तास पुरे, आणि ट्यूबलाइटचं चोक नेमकं त्याच थरात होतं.

बाहेर हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायच्या नळाच्या, लाल पेटीसमोर ‘पाचच मिनिटं’ म्हणून ठेवलेलं पॅलेट, माल रचायची चौकट, होतं. त्यावरची धूळ बोटानं पुसली तर रेघ उमटत होती.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पॅलेट हललं होतं आणि गोणपाटाच्या जागी तारेची जाळी बसली होती. पारवे आता जाळीबाहेर बसून घुमतात, आणि त्यांची घाण भिंतीवरून खाली ओघळते.